आजींच्या खुर्चीत आधी तुम्ही बसा

पत्र:

आमचं घर साताऱ्याला, शाहूपुरीत. तीन वर्षांपूर्वी मुलानं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून परड्यात डेक करून घेतला. १४ फूट लांब, १० फूट रुंद, खाली लोखंडी सांगाडा, वर डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या. उंची घराच्या जोत्याएवढी, म्हणजे जमिनीपासून अडीच फूट. तिन्ही बाजूंनी सिमेंट शीटचा ३ फूट उंच बंद कठडा. उतरायला पश्चिमेच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडाशेजारी, अडीच फूट रुंदीचा आणि चार पावलांत वर येणारा लोखंडी जिना. डेकपुढे दक्षिणेला कंपाउंडपर्यंत २५ फूट बाग आहे. पारिजातक, जास्वंद, मोगरा, दोन केळी आणि भिंतीला लागून अशोकाची रांग.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गुडघे धरलेत, काठी घेऊन चालतात. बाग त्यांनीच लावलेली, पण डेक झाल्यापासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. दिवसभर डेकवर खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, “मला भिंतीकडं तोंड करून बसवलंय.” पूर्वी मागच्या दारात बसलं की अजिंक्यतारा दिसायचा, तोही आता नीट दिसत नाही. आमचे हे म्हणतात, डेक काढून टाकू आणि खाली फरशी घालू. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, कठडा काढून काच लावा. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. काय करावं?

– एक वाचक, सातारा

ताई,

आधी एक काम करा. पैसे लागत नाहीत, सुतळीचा गुंडा लागतो. सासूबाईंच्या खुर्चीत तुम्ही बसा, त्या बसतात तशाच, पाठ टेकून. सुतळीचं एक टोक डोळ्याशी धरा. दुसरं टोक घेऊन कोणाला तरी बागेत पाठवा आणि सुतळी कठड्याच्या वरच्या कडेला टेकवून ताणायला सांगा. ती जमिनीला जिथे टेकेल, तिथून पुढची जमीन तुम्हाला बसल्या जागेवरून दिसते. अलीकडची दिसत नाही.

तुमच्या मापांवरून मी इथे बसून हिशेब केला. साध्या खुर्चीत बसलेल्या, बेताच्या उंचीच्या बाईचे डोळे डेकच्या फळ्यांपासून साधारण ४२ इंचांवर येतात. कठडा ३६ इंचांचा. खुर्ची कठड्यापासून ५ फूट मागे असेल, तर नजर ५ फुटांत फक्त ६ इंच खाली येते. जमिनीपर्यंत यायला तिला ७२ इंच उतरायचंय, म्हणजे त्या चालीनं ६० फूट लागतील. तुमचं कंपाउंड आहे डोळ्यापासून ३० फुटांवर. तिथे पोचेपर्यंत नजर जमिनीच्या वर ३ फूटच असते. थोडक्यात, आजींना बागेतली वीतभरही जमीन दिसत नाही. जास्वंदीचे शेंडे, केळीची पानं आणि कंपाउंडच्या भिंतीचा वरचा भाग दिसत असेल. त्यांनी तक्रार केली नाही हो, त्यांनी मापच सांगितलं.

घरातली बाकीची माणसं डेकवर उभी राहतात, चहा पितात, फोनवर बोलतात. उभ्या माणसाला बाग छान दिसते, म्हणून कठड्याचा दोष तीन वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही. डेक बांधताना मापं घेतली असतील तीही उभ्यानंच. आता जे काही बदलाल, ते त्या खुर्चीवरून मोजून बदला. माझं सगळं म्हणणं यात आलं, पुढचं हे नुसतं कसं करायचं ते.

आता यजमानांचं म्हणणं. डेक काढून खाली फरशी घातली, तर जोतं काही खाली येत नाही. अडीच फुटांच्या पायऱ्या थेट स्वयंपाकघराच्या दारात येतील. आज आजींना घरातून डेकवर यायला एकही पायरी उतरावी लागत नाही. गुडघे धरलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! त्यांच्या हाताशी राहिलेली बाहेरची तेवढीच जागा आहे, ती काढून घेऊ नका.

आणि काच. काच लावली की पहिली दिवाळी मजेत जाते. मग बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, पावसाळ्यात खालच्या पट्टीत शेवाळ, उन्हाळ्यात धूळ, आणि एखाद्या सकाळी काचेवर आपटून खाली पडलेला बुलबुल. ती रोज पुसणार कोण? सल्ला देणारा तर पुण्याला आहे. शिवाय काचेतून बाग दिसली तरी उतरता येत नाही, आणि तुमचं अर्धं दुखणं उतरण्याचं आहे.

तेव्हा डेक राहू द्या, लोखंडी चौकट राहू द्या. बदलायच्या दोन गोष्टी: कठडा आणि उतरण्याची जागा.

कठड्याचे खांब तसेच ठेवून मधल्या सिमेंट शीट काढा. त्या जागी १० किंवा १२ मिलिमीटरच्या उभ्या सळ्या लावून घ्या, दोन सळ्यांत ४ इंचांपेक्षा कमी अंतर. लहान मुलाचं डोकं अडकू नये यासाठी हे माप आहे. नातवंडं सुट्टीला येत असतील, तर फॅब्रिकेटर आडव्या पट्ट्यांचं ‘मॉडर्न’ डिझाइन मोबाइलवर दाखवेल तेव्हा ठाम नाही म्हणा, आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना चढायला शिडी. उभ्या सळ्या नजरेच्या वाटेत साधारण दहावा हिस्सा अडवतात, बाकी सगळं मोकळं. रंग मात्र पांढरा किंवा चंदेरी देऊ नका. गडद हिरवा किंवा मॅट काळा द्या. झाडांच्या पुढ्यात गडद सळ्या विरून जातात आणि पांढऱ्या सळ्या तुरुंगाच्या गजांसारख्या डोळ्यांत भरतात. हे ऐकून कोणाला पटत नाही, म्हणून एका सळीला एकीकडून काळा आणि दुसरीकडून पांढरा रंग लावा आणि आजींनाच विचारा.

बंद कठडा गेल्यावर नजर अडते ती फक्त डेकच्या कडेला. त्याच खुर्चीवरून पुन्हा हिशेब केला, तर कडेपासून साडेतीन फुटांपुढची सगळी जमीन दिसायला लागते. पारिजातकाखालचा सडासुद्धा. काम सुरू व्हायला वेळ असेल, तर तोवर खुर्ची कठड्यापासून दीड फुटावर ओढा. निदान बागेच्या पलीकडच्या टोकाची जमीन आजपासून दिसेल.

पश्चिमेचा कठडा उघडायची घाई नको. साताऱ्यात पाऊस यवतेश्वराच्या अंगानं येतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच. त्या बाजूला जाळी उभी करून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. दक्षिण मोकळी ठेवायला हरकत नाही. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेनं फारसा त्रास देत नाही. डिसेंबरात तो दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा तेच ऊन आजींच्या गुडघ्यांवर येईल. डेकवर पत्रा आहे की उघडा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नवं छत घालायचं मनात असेल, तर मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घरामागे मोकळ्या सोडायच्या जागेत, ते चालतं का, हे नगरपालिकेच्या बांधकाम विभागात आधी विचारा.

आता उतरण्याचं. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या.

सध्याचा जिना ३० इंच चार पावलांत चढतो, म्हणजे प्रत्येक पायरी साडेसात इंच. तरण्या माणसाला कळतही नाही. काठीवाल्या माणसाला प्रत्येक पायरीला सगळं अंग एका गुडघ्यावर तोलावं लागतं. त्यात जिना लोखंडी, पायरीखाली मोकळं, खालची जमीन फटीतून दिसते. त्यात तो धुण्याच्या दगडाशेजारी, म्हणजे खाली कायम ओल आणि साबणाचं पाणी. आजी उतरत नाहीत यात नवल ते काय!

शिवाय जिना चुकीच्या टोकाला आहे. बागेत जायला तुम्ही आधी पश्चिमेला जाता, उतरता आणि मग पुन्हा पूर्वेला चालत येता. डेक व्हायच्या आधी आजी कुठून कुठे चालायच्या, ते त्यांना विचारा. माझा अंदाज, दारातून सरळ पारिजातकाकडे. परड्यात गवत असेल, तर जुनी पायवाट अजून पुसट दिसतही असेल. नवीन पायऱ्यांचं तोंड त्या वाटेला लावा. जुना जिना धुण्याच्या कामाला राहू दे.

कठड्यात ६ फुटांची मोकळी जागा सोडा. ३० इंच उंची सहा समान टप्प्यांत वाटा, प्रत्येक टप्पा ५ इंच. तीन टप्पे उतरलं की १५ इंच उंचीवर ६ फूट बाय ४ फुटांचा चौथरा, आणि तिथून झाडाकडे वळून उरलेले तीन टप्पे. पाऊल टेकायची जागा १४ इंच खोल ठेवा, म्हणजे एकाच पायरीवर दोन्ही पाय आणि काठी टेकवून दम खाता येतो. मधला चौथरा हा चैनीचा भाग वाटेल, पण तोच खरा. १५-१६ इंच ही बसायची उंची आहे. आजी तिथवर उतरतील आणि कडेला बसतील. ज्या दिवशी गुडघे परवानगी देणार नाहीत, त्या दिवशी तिथूनच बाग बघतील. चौथऱ्याच्या एका बाजूला विटांचा दोन-अडीच फूट उंच वाफा बांधून त्यात मोगरा लावलात, तर न वाकता कळ्या खुडता येतील. वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नका, ओल जोत्यात शिरते.

रॅम्प का नको, असं कोणी तरी विचारेलच. खुर्ची ढकलत न्यायला फुटाला एक इंच चढ ही बऱ्यापैकी चाल मानतात. ३० इंचांना ३० फूट रॅम्प लागेल आणि तुमची बाग आहे २५ फूट. पुढेमागे चाकाच्या खुर्चीची वेळ आलीच, तर घराच्या बाजूच्या बोळातून तो काढता येतो का ते बघा. आज बागेचा बळी देऊन रॅम्प करू नये.

एक गोष्ट गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या: सहाही टप्पे तंतोतंत सारखे. आपला पाय पहिल्या दोन पायऱ्यांत माप शिकतो आणि पुढे न बघता पडतो. शेवटची पायरी अर्धा-पाऊण इंच जास्त झाली, की माणूस तिथेच तोल जाऊन पडतो. आणि शेवटचीच पायरी चुकते, कारण जमीन नंतर सारखी करू म्हणून सोडलेली असते. म्हणून बागेतली वाट आधी करा आणि पायऱ्यांची मापं वरून खाली न घेता त्या वाटेवरून वर घ्या.

पायऱ्यांखालच्या पायाचं मी स्वतःच्या अनुभवातून सांगते. सांगलीला आमच्या मागच्या ओट्याला मी अशाच तीन पायऱ्या करून घेतल्या होत्या. गवंडी म्हणाला, एवढ्याशा पायऱ्यांना काय पाया लागतो, आणि मी मान डोलावली. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पायऱ्या ओट्यापासून दोन बोटं सुटल्या आणि एका बाजूला कलल्या. त्या फटीत बेडूक राहायला आला, तो मात्र समाधानी होता. सगळं फोडून पुन्हा केलं. तुमच्याकडे खाली मुरूम असेलही, पण जोत्यालगतची माती बहुतेक भरावाची असते आणि भराव बसतोच. कडक मुरूम लागेपर्यंत खणा, दगडांचं सोलिंग म्हणजे थर, तो धुमसून घट्ट करून वर ४ इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. पायऱ्या डेकच्या चॅनेलला, म्हणजे सांगाड्याच्या लोखंडी तुळईला, टांगू नका. त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहू देत आणि डेक आणि पायऱ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट सोडा. लोखंड आणि काँक्रीट आपापल्या चालीनं हलू देत.

खणताना डेकचे लोखंडी पाय तपासून घ्या. पाइप थेट मातीत पुरले असतील, तर ते मातीच्या रेषेवरच गंजतात, वर रंग नवा कोरा आणि खाली पापुद्रे. स्क्रू-ड्रायव्हरनं तिथे खरवडा आणि हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला किंवा पापुद्रा सुटला, तर तेवढा भाग कापून, जमिनीच्या वर ६ इंच काँक्रीटचा ठोकळा करून त्यावर बेसप्लेटनं पाय बसवा. कठड्याची शीट काढल्यावर मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे खांब हलतात. त्यांना खालून तिरका अँगल मारून घ्या. कडेचा चॅनेल मात्र कोणालाही कापू देऊ नका, सगळ्या फळ्यांचा भार त्याच्यावर आहे.

डेकखालच्या अडीच फूट अंधाराचंही बघा. तिथे आता काय आहे? जुन्या कुंड्या, रिकामे डबे, उरलेल्या फरश्या? अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस आणि नाग. आजींना त्याच्याच पुढ्यात उतरवायचंय. अडगळ काढा, खाली मुरूम टाकून घरापासून बाहेर उतार द्या, कडेनं अर्ध्या इंचाची बारीक जाळी मारा आणि साफसफाईसाठी एक झडप ठेवा. नवीन पायऱ्या समोरून बंदच बांधा.

पारिजातकाची फुलं वेचायची वेळ कोणती, ते आठवा. पहाट. दिवस श्रावणापासून पुढचे, म्हणजे खाली ओलं, वर झाकोळ, आणि उतरणारी व्यक्ती अर्धवट झोपेत, अनवाणी. पायऱ्यांचा दगड त्या वेळेसाठी निवडा, दुकानातल्या उजेडासाठी नको. पॉलिशचा ग्रॅनाइट अजिबात नको. टाचलेला काळा दगड आपल्याकडे मिळतो, तो उत्तम, नाहीतर खरखरीत फिनिशचा कोटा. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीची पांढरी किंवा पिवळी पट्टी रंगवा. कमी उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना कडाच दिसत नाही. वर मोठा दिवा लावू नका, तो डोळ्यांवर येतो आणि पायाखाली सावली पाडतो. गुडघ्याच्या खाली दोन छोटे दिवे पुरतात. डब्ल्यूपीसीवर पावसाळ्यात बुळबुळीत थर येतो. तो आषाढात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासून काढायचा.

हात धरायला पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दीड इंची गोल पाइप, पायरीपासून ३४ ते ३६ इंचांवर, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर लांब. उतरून झाल्यावरही एक पाऊल आधार लागतो, तेव्हाच बहुतेक पाइप संपलेले असतात.

खाली उतरल्यावर ३ फूट रुंद सलग वाट झाडापर्यंत. गवतात सुटे दगड टाकून केलेली वाट फोटोत झकास दिसते, पण दोन दगडांच्या मध्ये काठी रुतते. दाबलेला मुरूम सगळ्यात सोपा.

राहिला अजिंक्यतारा. तो डेकनं अडवलेला नाही, तुमच्या अशोकानं अडवलाय. खोटा अशोक सरळसोट वाढतो, २० फूट झाला की त्याच्यामागचा डोंगर गेला. शाहूपुरी आता नगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या दारातलं असलं तरी. अर्ज करून एक झाड काढता येईल. पण त्याआधी खुर्ची डेकवर दोन-तीन फूट इकडे-तिकडे सरकवून बघा. दोन झाडांच्या मधल्या फटीत किल्ल्याचा माथा आणि वरचा टीव्हीचा टॉवर आला, तर तेवढं पुरे. मला विचाराल तर पूर्ण डोंगरापेक्षा झाडांतून डोकावणारा तुकडा बरा. पण हा निर्णय माझा नाही आणि तुमचाही नाही. जिथून आजी “हां, इथं” म्हणतील, तिथे फळीवर खडूनं खूण करा आणि मगच फॅब्रिकेटरला सळ्यांचं माप घ्यायला बोलवा.

काम मृग लागायच्या आत उरकायचं, तर पाया आधी आणि सळ्या नंतर. काँक्रीटवर निदान आठ-दहा दिवस पाणी मारायला लागेल. हात आखडता घ्यावा लागला, तर पायऱ्या आणि पाइप यंदा करा आणि सळ्या दिवाळीनंतर. तोवर दक्षिणेच्या दोन शीट नुसत्या काढून मध्ये जाड दोर ओवून ठेवता येईल. नातवंडं येणार असतील, तर मात्र तेही नको.

आणि पाइपच्या वरच्या टोकाला एक हूक लावून घ्या, चौथऱ्याशी दुसरा. एक काठीला, एक परडीला. काठी आणि फुलांची परडी दोन्ही हातात असली, की पाइप धरायला हातच उरत नाही.